बाईंचा पगार

स्मरणिकेत पगाराविषयी लिहावयाचे म्हटले, की काही भगिनींच्या कपाळावर आठी पडेल. वर्धापनदिनाच्या अंकात त्याग, सेवा, संस्कार ह्यांवर लिहावे. रुपये-आण्यांचा हिशेब खजिनदारांच्या अहवालात यावा, अशी आपली रीत आहे. परंतु महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास वाचताना माझ्या मनावर एक गोष्ट वारंवार ठसली. शाळा काढणाऱ्या थोर माणसांनी पगाराच्या प्रश्नाला कधीच हलके मानले नाही. ते हलके मानले त्यांच्या नावाने हार घालणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी. म्हणून ह्या लेखात शाळेत शिकविणाऱ्या बाईंना पगार, रजा व पेन्शन कशी मिळत गेली, आणि मिळालेले कसे हातातून निसटत गेले, ते क्रमाने सांगण्याचा विचार आहे.

आरंभ अर्थातच सावित्रीबाईंपासून. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुले ह्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. त्यांच्या अंगावर शेण व चिखल पडला, ही कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मात्र एक गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. त्या शाळांच्या चालकांनी आपल्या अहवालात मुद्दाम नमूद केले होते, की मुख्य शाळेच्या ह्या शिक्षिका काही वेतन न घेता स्त्रीशिक्षणासाठी झटत आहेत. हे वाचून ऊर भरून येतो. पण ह्याच वाक्याचा पुढे फार दुरुपयोग झाला. शिकविणाऱ्या बाईने चार पैसे अधिक मागितले, की तिला सावित्रीबाईंचे नाव ऐकविण्याची चाल पडली. जणू त्या माउलीने स्वतः सोडलेला पगार पुढल्या सर्व बायकांच्या वतीनेही सोडून दिला होता!

त्याच घरातून, चौतीस वर्षांनी, काय मागणी निघाली ती आता पाहा. १८८२ साली लॉर्ड रिपन ह्यांनी सर विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. ह्या आयोगापुढे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी लेखी निवेदन दिले. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मुख्य मागणी. आणि त्याच निवेदनात त्यांनी शिक्षकाच्या पगाराचा आकडाही सांगितला. शिक्षक ट्रेनिंग झालेला असावा. त्याला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार असू नये. मोठ्या गावांत तो पंधरा किंवा वीस रुपये असावा. एवढ्यावर न थांबता, गावात शिक्षकाचे वजन वाढावे म्हणून त्याच्याकडे पोस्टमास्तरकी, स्टँपविक्री, दस्तनोंदणी अशी कामे सोपवावीत, हेही त्यांनी सुचविले.

ज्याच्या घरी पगाराशिवाय शाळा चालविली गेली, त्याने दुसऱ्याच्या पगाराचा आकडा मात्र निश्चित करून मागितला, ह्यातील मर्म आपण ध्यानात घेतले पाहिजे. स्वतःचा त्याग हा स्वतःपुरता असतो. तो दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. जोतीरावांना हे पक्के कळले होते, की उपाशी पंतोजी चांगले शिकवीत नाही. आणि ज्याला गावात पत नाही, त्याच्या शाळेत गाव आपली मुले घालीत नाही.

त्याच वर्षी, त्याच आयोगापुढे, पुण्यातच दुसरी एक साक्ष झाली. ती आपणा स्त्रियांच्या दृष्टीने अधिक मोलाची होय. साक्ष देणाऱ्या होत्या पंडिता रमाबाई. वय अवघे चोवीस. त्याच वर्षी पती निवर्तलेले, पदरी लहानगी मनोरमा. नुकत्याच पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला होता. मुलींच्या शाळांसाठी स्त्रीशिक्षिका व स्त्री तपासनीस हव्यात, आणि स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्यावे, असे त्यांनी आयोगाला सांगितले. शिक्षिका कशी असावी, ह्याविषयीही त्यांनी स्पष्ट मत दिले. ती विवाहित असो, अविवाहित असो वा विधवा असो; ती सुशील व सुविद्य असावी. आणि तिचा पगार पुरुष शिक्षकापेक्षा अधिक असावा, कारण तिचे शील व तिची योग्यता अधिक वरच्या दर्जाची असावी लागते. शिवाय शिकणाऱ्या स्त्रियांसाठी ट्रेनिंग कॉलेजाच्या आवारातच राहण्याची उत्तम सोय हवी.

'समान पगार' नव्हे, 'अधिक पगार'! १८८२ साली एक विधवा स्त्री सरकारी आयोगापुढे उभी राहून हे बोलली. ह्यामागचा विचार व्यवहारी होता. त्या काळी घराबाहेर पडून शिकवावयास निघणाऱ्या बाईला लोकनिंदेचा भार सोसावा लागे, सोबतीला कोणी न्यावे लागे, राहण्यास अब्रूदार जागा शोधावी लागे. पुरुषाला हा खर्च नव्हता. तेव्हा बाईला पुरुषाइतकाच पगार देणे म्हणजे प्रत्यक्षात तिला कमी देणे, हा हिशेब रमाबाईंनी अचूक मांडला होता.

आयोगाने १८८३ साली अहवाल दिला. शिक्षकांच्या पत्नींनी व योग्य अशा विधवांनी शिक्षिका व्हावे म्हणून त्यांना उत्तेजन द्यावे, अशा शिफारशी त्यात आल्या. पुण्यास स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज १८७० पासून होतेच. पुढे १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. ह्या संस्थांतून व्हर्नाक्युलर फायनल होऊन, ट्रेनिंग घेऊन बाहेर पडलेल्या कितीतरी बालविधवा गावोगावच्या कन्याशाळांत 'मास्तरीणबाई' झाल्या. माजघरात दुसऱ्याच्या ताटातले उरलेले खाऊन आयुष्य कंठावे, असे जिच्या कपाळी लिहिले गेले होते, तिच्या हाती पहिल्या तारखेला स्वतःचे रुपये पडू लागले. ह्या एका गोष्टीने जे घडले, ते शंभर व्याख्यानांनी घडले नसते. त्या बाईने भावाच्या मुलाची फी भरली, आईचे औषधपाणी केले, आणि घरात तिच्या शब्दाला किंमत आली. पगार ही केवळ पोट भरण्याची सोय नव्हे, तर माणूस म्हणून उभे राहण्याची जागा होय, हे आपल्याकडे प्रथम ह्या मास्तरीणबाईंनी दाखविले.

येथे क्षणभर राज्यकर्त्यांच्या देशाकडेही दृष्टी टाकू. कारण आपल्या शाळाखात्याने पुष्कळ नियम तिकडूनच आणले होते. मुलांच्या परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान ठरविण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १८६२ च्या संहितेने आली व मुंबई इलाख्यातही तिचे अनुकरण झाले. तेव्हा इंग्लंडमधील बाई आपल्यापुढे फार असेल, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. १९१९ साली तेथे शिक्षकांच्या पगारासाठी बर्नहॅम समिती नेमली गेली, आणि तिच्या श्रेणींत स्त्रियांचा पगार पुरुषांच्या सुमारे चार-पंचमांश राहिला. काम तेच, वर्ग तोच, पुस्तक तेच. पण पुरुषाला पाच तर बाईला चार! शिवाय अनेक ठिकाणी बाईने लग्न केले, की तिची नोकरी जाई. लंडनच्या कौन्सिलने हा नियम १९३५ साली काढला आणि साऱ्या देशात तो १९४४ च्या शिक्षण कायद्याने गेला.

त्या कायद्याच्या चर्चेत एक विलक्षण प्रसंग घडला. थेल्मा कॅझलेट-कीर ह्या सभासद बाईंनी शिक्षिकांना समान वेतन द्यावे अशी दुरुस्ती मांडली आणि २८ मार्च १९४४ रोजी ती ११७ विरुद्ध ११६, म्हणजे केवळ एका मताने, मंजूर झाली. युद्धाचे दिवस होते. पंतप्रधान चर्चिल ह्यांनी हा सरकारवरील विश्वासाचा प्रश्न केला, आणि दोन दिवसांत तीच दुरुस्ती प्रचंड बहुमताने पुसून टाकली गेली. पुढे १९५५ पासून सात हप्त्यांनी वाढ करीत १९६१ साली तेथील शिक्षिकांना पूर्ण समान पगार मिळाला. आमच्या रमाबाईंनी 'अधिक' मागितल्यावर एकोणऐंशी वर्षांनी इंग्लंडला 'समान' द्यावेसे वाटले, हे आपण अभिमानाने सांगावयास हरकत नाही.

मात्र मागणे वेगळे आणि मिळणे वेगळे. हंटर आयोगानंतर प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे व नगरपालिकांकडे गेल्या. त्यांची तिजोरी तोकडी आणि मर्जी लहरी. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. ते १९१२ साली नामंजूर झाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये, आणि कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ मध्ये जे केले, ते ब्रिटिश मुलखात होण्यास मुंबई प्रांताचे १९१८, १९२३ व १९४७ चे कायदे यावे लागले. शाळा वाढल्या तसे शिक्षक वाढले. पण शाळा बोर्डाच्या अध्यक्षाची मर्जी फिरली, की आडगावची बदली ठरलेली. एकट्या बाईला तर बदली म्हणजे शिक्षाच होती.

संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या व ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षक त्यांचे नोकर झाले. मी स्वतः पुढे अशाच शाळांत एकतीस वर्षे शिकविले, म्हणून तेथील कारभाराविषयी दोन शब्द अधिकाराने लिहिते. पूर्वी मुख्याध्यापक पंचायत समितीच्या गावाहून पैसे घेऊन येत. पगारपत्रकावर महसुली तिकीट चिकटवून, त्यावर आडवी सही करून, आम्ही नोटा मोजून घेत असू. नंतर पगार बँकेत जमा होऊ लागला, आणि त्याही नंतर 'शालार्थ' ही संगणकाची पद्धत आली. सहीचे तिकीट ही क्षुल्लक बाब वाटेल. पण ज्या खाजगी शाळांत पगार चालकांच्या हातून मिळे, तेथे एका आकड्यावर सही आणि हातात दुसराच आकडा, अशी तक्रार महाराष्ट्रात कित्येक वर्षे ऐकू येत असे. पगार परस्पर बँकेत जाऊ लागला, तेव्हाच ह्या चालीला आळा बसला. हक्क कागदावर असून भागत नाही. तो कोणत्या वाटेने हातापर्यंत येतो, तीही वाट सुरक्षित लागते.

पगाराचे जे, तेच सेवापुस्तकाचे. कर्मचाऱ्याचा जन्म, नेमणूक, वेतनवाढ, रजेचा हिशेब, वारसाचे नामनिर्देशन, सारे त्या पुस्तकात असते. मी पुष्कळ भगिनी अशा पाहिल्या, की ज्यांनी तीस वर्षांत आपले सेवापुस्तक एकदाही उघडून पाहिले नव्हते. लग्नानंतर नाव बदलले, पण पुस्तकात माहेरचेच राहिले. वारस म्हणून वडिलांचे नाव, तेही निवर्तून वर्षे लोटली. निवृत्तीच्या वेळी पेन्शनचे कागद अडतात ते अशा नोंदींपायी. ज्या तरुण शिक्षिका हा अंक वाचतील त्यांनी येत्या महिन्यात आपले सेवापुस्तक मागून पाहावे, एवढी विनंती आहे. इतिहासाचा उपयोग असा घरगुतीही असतो.

आता रजेविषयी. आपल्या देशात प्रसूतीच्या रजेचा पहिला कायदा झाला तो मुंबई प्रांतात, १९२९ साली. त्याच्या विधेयकावर मुंबई विधिमंडळात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हे त्यांनी ठासून सांगितले. कायदा कारखान्यांतील कामकरी स्त्रियांपुरता होता. पण मातृत्व हा बाईचा खाजगी गुन्हा नसून समाजाचे कार्य आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा झाला. महाराष्ट्र शासनाच्या १९८१ च्या रजा नियमांत प्रसूती रजा ९० दिवसांची होती; २००९ मध्ये ती १८० दिवस झाली. २०१८ मध्ये बालसंगोपन रजाही मिळाली. माझ्या पिढीच्या बायका तीन महिन्यांच्या तान्ह्याला सासूजवळ किंवा शेजारणीजवळ ठेवून एस. टी. पकडीत. आजची शिक्षिका सहा महिने बाळाजवळ राहू शकते, हे पाहून हेवा वाटत नाही, समाधान वाटते.

राहण्याच्या जागेचा प्रश्न रमाबाईंनी मांडला होताच. १९५८-५९ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने तो पुन्हा मांडला. खेड्यांत स्त्रीशिक्षिका हव्या असतील, तर त्यांना राहण्यास घरे द्या, खेड्याचा खास भत्ता द्या, पतिपत्नी दोघे शिक्षक असल्यास शक्यतो एकाच ठिकाणी नेमा, असे त्या समितीने सांगितले. आज बदल्यांच्या धोरणात 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा शब्द आहे, त्याचे मूळ असे जुने आहे. शब्द आला, घरे मात्र बहुतेक गावांत अजून यावयाची आहेत.

पगाराच्या श्रेणी व पेन्शन ह्यांना खरी दिशा मिळाली ती कोठारी आयोगाने. १९६४ ते १९६६ ह्या काळात काम केलेल्या ह्या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर भागातले आपले जे. पी. नाईक. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व खाजगी शाळांतील एकाच दर्जाच्या शिक्षकांना एकच वेतनमान असावे, आणि सर्वांना भविष्यनिर्वाह निधी, विमा व पेन्शन असा तिहेरी लाभ मिळावा, ही आयोगाची शिफारस. महाराष्ट्रात अनुदानित खाजगी माध्यमिक शाळांतील शिक्षकांना १९६८ च्या निर्णयाने पेन्शन लागू झाली. मग बडकस आयोग, भोळे आयोग असे वेतन आयोग आले. केंद्राप्रमाणे महागाईभत्ता मिळावा म्हणून १९७७-७८ साली राज्यातील कर्मचाऱ्यांनी चोपन्न दिवसांचा संप केला, तो अजून पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्या दोन महिन्यांत कर्मचाऱ्यांच्या घरी पगार नव्हता. किराण्याची उधारी आणि मोडलेली पाटली, ह्यांवर घरे चालली. आज पगारपत्रकात 'म. भ.' म्हणून जो रकाना दिसतो, त्यात अशा घरांतील बायकांचे ते दोन महिने आहेत. १९७७ मध्येच खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला, आणि चालकांच्या लहरीने बाईला कामावरून काढणे अवघड झाले.

इतके वाचून कोणास वाटेल, की प्रवास संपला, मुक्काम आला. तसे नाही. ह्या इतिहासाचा दुसरा भाग एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू होतो.

२००० साली 'शिक्षणसेवक' योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे ठराविक मानधनावर काम करावयाचे. प्राथमिकसाठी ते आरंभी ३,००० रुपये होते. काम पूर्ण, जबाबदारी पूर्ण, वेतनश्रेणी मात्र तीन वर्षांनी. २०२३ मध्ये हे मानधन १६,००० झाले. २००१ पासून 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळांना परवानग्या मिळू लागल्या. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द गळला, तरी अनुदानाची वाट पाहण्यात अनेक शिक्षक-शिक्षिकांची उमेदीची वर्षे नाममात्र पैशांवर, कित्येकांची तर फुकट गेली. सावित्रीबाईंनी पगार आपखुशीने सोडला होता. ह्यांच्याकडून तो सोडवून घेतला गेला. दोन्हींना त्याग म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

१ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली व अंशदानाची योजना आली. एकाच शाळेत, एकाच वर्गाच्या दोन तुकड्यांना शिकविणाऱ्या दोन बायका. एकीचे म्हातारपण बांधलेले, दुसरीचे बाजाराच्या चढउतारावर टांगलेले. मार्च २०२३ मध्ये ह्यासाठी राज्यव्यापी संप झाला आणि २०२४ मध्ये शासनाने सुधारित योजना जाहीर केली. ग्रॅच्युइटीचे तर ह्याहून नवल. १९७२ च्या कायद्यातील 'कर्मचारी' ह्या व्याख्येत शिक्षक बसत नाही, कारण तो त्या व्याख्येत सांगितलेल्या कुशल, अकुशल, अंगमेहनतीच्या वा कारकुनी कोणत्याच प्रकारात मोडत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. संसदेने २००९ मध्ये कायदा दुरुस्त केला, तो १९९७ पासून लागू धरला, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली.

आता सर्वांत धाकट्या शाळेकडे वळते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. त्यांनी व अनुताई वाघांनी बालवाडी, अंगणवाडी हे शब्द आपल्या अंगणात आणले. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. परंतु तेथील सेविकेला 'पगार' नव्हे, 'मानधन'. शब्द मोठा गोंडस आहे. त्यात मान आधी आणि धन मागून येते. प्रत्यक्षात पुष्कळदा मानही कमी आणि धनही कमी. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस ह्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निर्णय दिला. योजना सुरू झाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी!

हा सारा इतिहास सांगण्याचे प्रयोजन आता सांगते. आपल्या मंडळाचीही बालवाडी आहे. दोन बाई व एक मदतनीस आपल्याकडे काम करतात. आपली संस्था लहान आहे, तीनच माणसे कामाला. ग्रॅच्युइटीचा कायदा आपल्याला लागला नसता, हे खरे. पण कायदा लागत नाही म्हणून कर्तव्य सुटत नाही. १९७२ च्या कायद्याने घालून दिलेला हिशेब असा : शेवटच्या पगाराला सव्वीसने भागावे, पंधराने गुणावे; ती एका वर्षाची ग्रॅच्युइटी. समजा, बाईंना दरमहा ६,००० रुपये मिळतात. तर वर्षाला सुमारे ३,४६२ रुपये होतात. म्हणजे दरमहा तीनशेहूनही कमी. वीस वर्षे काम करून बाई घरी जातील, तेव्हा त्यांच्या हातात सुमारे ६९,००० रुपये पडतील. आपण हळदीकुंकवाच्या वाणावर आणि सहलीवर दर वर्षी जे खर्च करतो, त्यापुढे ही रक्कम जड नाही.

म्हणून कार्यकारिणीपुढे पाच सूचना ठेवते. पहिली, बालवाडीच्या तिघींना लेखी नेमणूकपत्र द्यावे. दुसरी, पगार महिन्याच्या ठराविक तारखेस बँकेत जमा करावा, वर्गणी जमो वा न जमो. तिसरी, दर वर्षी निश्चित वाढ असावी. ती मागावी लागू नये. चौथी, प्रसूती रजा पगारी असावी. पाचवी, वर सांगितल्याप्रमाणे ग्रॅच्युइटीचा वेगळा निधी असावा, आणि त्याला वर्धापनदिनाच्या जमाखर्चातून पहिली रक्कम मिळावी. कोणी म्हणेल, बाई तर काही मागत नाहीत, त्या समाधानी आहेत. त्या मागत नाहीत कारण त्यांना आपला संकोच वाटतो, आणि आपल्याला हा संकोच सोयीचा आहे.

दर ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालतो व बालवाडीच्या बाईंना गुलाबाचे फूल देतो. फूल अवश्य द्यावे. परंतु ज्या घरातून तो त्याग आला, त्याच घरातून 'बारा रुपयांहून कमी नको' ही मागणीही आली, आणि 'बाईला अधिक द्या' हे सांगणारी विधवा त्याच वर्षी त्याच शहरात उभी होती, ह्याचे स्मरण ठेवून फुलाबरोबर नेमणूकपत्रही द्यावे. आगामी वार्षिक सभेत हा विषय पटलावर घ्यावा, अशी अध्यक्षाबाईंना व सर्व भगिनींना माझी नम्र विनंती आहे.